तासाला दोन बोटं

मोटर हवा ओढायला लागली, हे अद्दीला अंगणात बसल्या बसल्या आवाजावरूनच कळलं. पाणी ओढताना तिचा आवाज जड असायचा. त्या सकाळी तो पोकळ झाला, मग फरफर करायला लागला. चहाचा पेला खाली ठेवून तो उठला आणि बटण बंद केलं. स्वयंपाकघराच्या दारातून त्याच्या बायकोनं, इत्तोनं, त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

अद्दी जन्मभर विहिरी खणत आला होता. अलनीफ गावाच्या आसपास, कोरड्या ओढ्यांच्या काठानं जेवढ्या जुन्या विहिरी होत्या, त्यातल्या निम्म्याशिम्म्या त्याच्या हातच्या. जमिनीचा रंग, बोराच्या झुडपाची वाढ, मुंग्यांची वारुळं बघून तो काठी टेकवायचा आणि तिथं पाणी लागायचं. लोक त्याला मुअल्लिम म्हणायचे, म्हणजे उस्ताद. घरची विहीर त्यानं बापाबरोबर खणली तेव्हा तो सोळा वर्षांचा होता आणि पाणी पाच पुरुषांवर लागलं होतं. मग पाणी जसजसं उतरलं तसतशी त्यानं विहीरही खाली नेली. आता ती एकोणीस पुरुष होती, आणि तिच्याखाली काळा कातळ होता. त्या कातळावर त्याची पहार तीन दिवस नुसती वाजत राहिली होती.

वर ठेवलेली मोटर फार खोलचं पाणी ओढत नाही, म्हणून त्यानं विहिरीच्या भिंतीत कोनाडा कोरून मोटर आत बसवली होती. पाणी उतरलं तसा खाली दुसरा कोनाडा कोरला, मग तिसरा. आज तिसऱ्या कोनाड्याचंही काम संपलं. त्यानं गाठी मारलेली दोरी दगड बांधून सोडली आणि वर ओढून ओला भाग मोजला. तळाशी दीड पुरुषसुद्धा पाणी नव्हतं.

"ईदेला किती दिवस राहिले?" इत्तोनं मागून विचारलं.

"दीड महिना."

"मग झायदला काय सांगू? या, की येऊ नका?"

झायद त्यांचा मुलगा. कासाब्लांकाला एका बेकरीत होता. गेल्या वर्षी मोठ्या ईदेला तो बायको आणि दोन मुलींना घेऊन दहा दिवसांसाठी आला होता. तिसऱ्या दिवशी सून, नादिया, बादली घेऊन मोरीत गेली आणि बादलीत पाण्याऐवजी गाळ पडला. ती वाईट बाई नव्हती. तिनं फक्त मुलींच्या अंगावरचं पुरळ दाखवलं आणि चौथ्या दिवशी सगळे बसमध्ये बसले. गावच्या संस्थेचा नळ तीन दिवसांतून एकदा तासभर यायचा. ते पिण्यापुरतं. बाकी घर विहिरीवर. इत्तो त्या दिवसापासून नातींचं नाव काढलं की दुसरं काहीतरी काम शोधायची.

"या म्हण," अद्दी म्हणाला. "आत सोडायची मोटर आणतो. ती खालून ढकलते, वरून ओढत नाही."

"कोणती?"

"आता ते दुकानात कळेल."

दुकानात काहीच कळलं नाही. अलनीफच्या बाजाराच्या दिवशी तो चुलतभाऊ बस्सूबरोबर गेला. बस्सू शेजारच्या वस्तीवर राहायचा, स्वतःच्या बोअरमध्ये त्यानं दोन वर्षांपूर्वी दोन एचपीची मोटर सोडली होती आणि तेव्हापासून त्या विषयात त्याच्याएवढं शहाणं कुणी नाही असं त्याला वाटायचं. भिंतीला लांबट, चकचकीत मोटरी उभ्या करून ठेवल्या होत्या. दुकानदार त्हामी नावाचा बुटका, हसरा माणूस.

"किती खोल आहे विहीर, अम्मी अद्दी?" त्यानं विचारलं. तिकडे वयानं मोठ्या माणसाला असंच काका म्हणतात.

"एकोणीस पुरुष."

"पुरुष कुणाचे? तुमच्याएवढे की माझ्याएवढे? माझे मोजले तर पंचवीस होतील."

दुकानातली माणसं हसली. अद्दीही हसला. त्हामीनं एक कागद पुढे ओढला. त्यावर आडव्याउभ्या रेघा होत्या आणि डोंगरासारख्या उतरत्या वाकड्या रेघा. "हे बघा. इथे उंची, इथे पाणी. तुम्हाला किती उंचीवर किती पाणी हवं ते सांगा, मी बोट ठेवतो. टाकी गच्चीवर आहे? नळाचा व्यास काय? वळणं किती?"

अद्दीनं कागदाकडे पाहिलं. तो जमीन वाचायचा, हे त्याला वाचता येईना. त्यानं बस्सूकडे पाहिलं.

"अरे, विचारायचं काय त्यात?" बस्सू म्हणाला. "दोन एचपी घे. माझी बघ, बटण दाबलं की घोडा सुटल्यासारखं पाणी. लहान घेशील आणि पस्तावशील."

झायदला फोन लावला. त्यानं बेकरीतूनच ओरडून सांगितलं, "मोठीच घ्या बाबा, पैसे मी पाठवतो. पुन्हा पुन्हा करायला नको." पाठीमागून भट्टीचं दार आपटल्याचा आवाज आला आणि फोन कट झाला.

त्हामीनं दोन एचपीची मोटर भिंतीपासून पुढे आणली. अद्दीनं तिच्यावर हात ठेवला. धातू गार होता. आपण काय घेतोय हे आपल्याला माहीत नाही, आणि ते माहीत नाही हे इथे सगळ्यांना माहीत आहे, असं त्याला वाटलं. चाळीस वर्षं लोक पाण्याचं त्याला विचारत आले होते.

कोपऱ्यात पोत्यावर बसून एक तरुण माणूस वायरींची टोकं सोलत होता. लहबीब त्याचं नाव. मोटरी बसवायचं काम करायचा. मान वर न करता त्यानं विचारलं, "अम्मी, विहीर उपसली तर परत भरायला किती वेळ लागतो?"

"पूर्वी रात्रीत भरायची."

"पूर्वी नाही. आता."

अद्दीनं ते कधी मोजलं नव्हतं. लहबीबनं वायर खाली ठेवली. "मग आज काही घेऊ नका. मी उद्या माझी मोटर आणि जनरेटर घेऊन येतो. आधी बघू विहीर काय देते. मोटर काय मागते ते नंतर."

"घ्या," त्हामी म्हणाला, "माझ्याच दुकानात बसून माझं गिऱ्हाईक परत पाठवतोय." पण तो रागावला नव्हता. मोटर परत भिंतीला उभी केली आणि म्हणाला, "ऐका त्याचं. हा मोटरी जाळून जाळून शिकलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी लहबीब आला. त्याची मोटर आत सोडली, जनरेटर सुरू केला. इत्तोनं घरातली सगळी भांडी, टोपली सोडून सगळं, अंगणात मांडलं. उरलेलं पाणी डाळिंबाच्या आणि खजुराच्या आळ्यात वळवलं. अर्ध्या तासात विहीर मीटरभर उतरली. लहबीबनं मोटर थांबवली, दोरी सोडली आणि दोघं काठावर बसले. इत्तोनं ऑलिव्हचं तेल, रोटी आणि चहा आणला.

एका तासानं दोरी वर काढली. पाणी दोन बोटं चढलं होतं.

"दोन?" अद्दी म्हणाला.

"दोनच."

दुसऱ्या तासाला दोन. तिसऱ्या तासाला दोन. लहबीब मोबाईलवर आकडेमोड करत होता. अद्दी विहिरीत बघत होता. ज्या विहिरीत त्यानं झायदला पोहायला शिकवलं होतं, ती विहीर तासाला दोन बोटं भरत होती. आजारी माणूस चमच्यानं पाणी पितो तशी.

शुक्रवार होता. दुपारच्या नमाजाला दोघं मशिदीत जाऊन आले आणि तासाभरानंच पुन्हा दोरी काढली तर पाणी चार बोटांनी चढलेलं. लहबीबनं पुन्हा मोजलं. चारच. तो उभा राहिला आणि ओढ्याच्या वरच्या अंगाला बघायला लागला. तिकडे अर्ध्या कोसावर कलिंगडांचा मळा होता. दिवसभर त्याच्या पंपांचा घुमणारा आवाज इथपर्यंत यायचा. इतका रोजचा की तो आहे हे विसरायला व्हायचं. आता तो बंद होता.

"नमाजासाठी थांबवलेत त्यांनी," लहबीब म्हणाला. "ते थांबले की तुमची विहीर श्वास घेते." थोड्या वेळानं आवाज पुन्हा सुरू झाला. "सव्वाशे मीटर गेलेत म्हणे. आणि पहिल्याच बोअरला लागलं. एवढ्या माळरानावर बरोबर तीच जागा त्यांना कुणी दाखवली कुणास ठाऊक. ज्यानं दाखवली त्याचं डोकं पाण्यातच असणार."

अद्दीनं चहाचा पेला उचलला. पेला रिकामा होता. तरी त्यानं तो ओठाला लावला.

जागा त्यानंच दाखवली होती. सात वर्षांपूर्वी एक गाडी दारात थांबली होती. त्यातला इंजिनियर इस्त्रीच्या कपड्यांतला, शहरी. पण त्यानं अद्दीला वाकून नमस्कार केला आणि मुअल्लिम म्हणाला. यंत्रं आणलीत, पण मला तुमचा अंदाज हवा, म्हणाला. कितीतरी वर्षांत कुणी त्याला असं बोलवायला आलं नव्हतं. लोक आता बोअरवाल्यांना फोन करायचे. सबंध सकाळ अद्दी त्याला घेऊन माळरान हिंडला. दोन ओढे जमिनीखाली जिथं मिळतात असं त्याला लहानपणापासून वाटत आलं होतं, तिथं त्यानं काठी टेकवली. ते पाणी तिथून खाली कुठे येतं हेही त्याला माहीत होतं. त्याच्याच विहिरीत येत होतं. पण विहिरी खणणाऱ्या माणसाला पाणी संपेल असं वाटत नाही. परत येताना इंजिनियरनं साखरेचे दोन शंकू दिले, तिकडे मान म्हणून देतात ते, निळ्या कागदात गुंडाळलेले. घरी त्यानं सांगितलं, रस्त्यात एकाची वाट चुकली होती, त्यानं दिले.

त्यानं रिकामा पेला खाली ठेवला.

"अर्ध्या एचपीची घ्या," लहबीब म्हणाला. "त्याहून मोठी घेतली तर वीस मिनिटांत विहीर कोरडी करेल आणि कोरडी फिरून जळेल. ही हळूहळू देईल. वर एक यंत्र बसवतो, पाणी तिच्या तोंडाखाली गेलं की आपोआप बंद. तळापासून हातभर वर टांगायची, नाहीतर गाळ ओढेल."

"आणि पुरेल?"

"मोटर पुरेल," लहबीब म्हणाला.

मोटर आली त्या दिवशी बस्सू बघायला आला. हाताच्या कोपराएवढ्या जाडीची ती नळी बघून म्हणाला, "अद्दी, ही मोटर आहे की शाळेतल्या पोराची कंपासपेटी? माझ्याकडची बकरी याहून जोरात मुतते."

"तुझ्या बकरीला गच्चीवर चढव मग," इत्तो आतून म्हणाली.

लहबीबनं काळा पाइप, वायर आणि नायलॉनची दोरी एकत्र बांधत बांधत मोटर खाली सोडली. बटण दाबलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग गच्चीवरच्या टाकीत पाण्याची धार पडल्याचा आवाज आला, बारीक, पण न तुटणारा. इत्तो स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडला. हात धुतले. पुन्हा धुतले. मग लगेच बंद केला आणि हात न पुसता तशीच बाहेर आली. "या म्हणते त्यांना," ती म्हणाली.

अद्दीला वाटलं, झालं. त्या दीड महिन्यात त्यानं टाकी कधी रिकामी होऊ दिली नाही. सकाळी तीस मिनिटं, दुपारी नमाजानंतर वीस, संध्याकाळी तीस. मोटर चालू असताना तो विहिरीशी बसायचा. योग्य मोटर निवडली म्हणून त्याला स्वतःचंच थोडं कौतुकही वाटायचं. बाजारात दोघाचौघांनी त्याला विचारलं, तेव्हा त्यानं त्यांना लहबीबचाच प्रश्न विचारला, "उपसली तर भरायला किती वेळ लागतो?" आणि ते गप्प झाले की त्याला बरं वाटायचं.

झायद, नादिया आणि मुली ईदेच्या चार दिवस आधी आले. मोठी सात वर्षांची, धाकटी चार. धाकटी आल्या आल्या अंगणातल्या नळाशी गेली आणि तो सोडून त्याच्याखाली डोकं धरलं. इत्तो हसत होती. अद्दी नळाकडे बघत होता. मनातल्या मनात तो मोजत होता, आणि आपण मोजतोय याची त्याला लाज वाटत होती.

"राहू दे बाबा, उन्हातून आलीये," झायद म्हणाला. "तुमच्या मोटरची परीक्षा होऊ दे."

ईदेच्या दिवशी मेंढा कापला. आतडी धुवायची, फरशी धुवायची, भांडी, हात, पाहुण्यांचे हात. नादिया पहाटेपासून राबत होती. एकदाही तक्रार नाही. नळ चालू ठेवूनच ती कलेजी साफ करत होती आणि इत्तोशी बोलत होती, कितीतरी दिवसांनी दोघी हसत होत्या. अद्दी दारात आला. नळ बंद कर, एवढंच म्हणायचं होतं. पण तो म्हणाला, "कोळसे पेटवू का?"

त्या संध्याकाळी मोटर तीस मिनिटांऐवजी अठरा मिनिटांत आपोआप बंद झाली. दुसऱ्या दिवशी बारा. उन्हाळा चढला होता, आणि वरच्या मळ्याचे पंप आता शुक्रवारीही थांबत नव्हते. फळ काढणीवर होतं. अद्दीनं दोरी सोडली. मोटरच्या तोंडावर वीतभर पाणी होतं. आता मोटर पाण्यासाठी थांबत होती, आणि तो मोटरसाठी. बंद झाली की अर्धा तास बसायचं, बटण दाबायचं, चार मिनिटं चालायची, पुन्हा बंद. घरात कुणाला कळू नये म्हणून तो म्हणायचा, "यंत्राला विश्रांती देतोय." पहाटे उठून तो संस्थेच्या टाकीवरून गाढवावर डबे आणायचा आणि गच्चीवरच्या टाकीत ओतायचा. इत्तोनं त्याला शिडीवरून उतरताना एकदा पाहिलं. तिनं दुसरा डबा खालून वर दिला.

उरलेले सहा दिवस तसे निघाले. मुली ठरलेल्या दिवशीच गेल्या, आधी नाही. बसमध्ये चढताना झायद म्हणाला, "मोटर चांगली आहे बाबा. धार जरा बारीक आहे. मोठी घेतली असती तर बरं झालं असतं."

"हो," अद्दी म्हणाला. "पुढच्या वर्षी बघू."

त्या आठवड्यात तो वरच्या मळ्यावर गेला. काय मागायचं ते त्यानं वाटेत ठरवलं होतं: फक्त शुक्रवार. पूर्वीसारखा शुक्रवारी दोन तास थांबवा. फाटकातल्या माणसानं त्याला आत नेलं. व्यवस्थापक पन्नाशीचा, कुठल्यातरी उत्तरेकडच्या शहरातला. त्यानं खुर्ची दिली, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं.

"अम्मी, माझ्या हातात असतं तर आत्ता बंद केले असते," तो म्हणाला. "खरं सांगतो. पंप मी चालवत नाही. आगादीरच्या ऑफिसातून सांगतात किती पाणी सोडायचं, मी तेवढं सोडलंय का ते इथला आकडा बघून त्यांना कळतं. मी दोन तास थांबवले तर संध्याकाळी मला फोन येईल." त्यानं चहाचा पेला पुढे सरकवला. "तुम्ही मुअल्लिम अद्दी ना? आमच्या कागदात तुमचं नाव आहे. पहिल्या बोअरची जागा तुम्ही दाखवली होती. आमचे इंजिनियर अजून सांगतात, यंत्रानं दुसरीच जागा दाखवली होती, म्हाताऱ्यानं ऐकलं नाही."

तो हे कौतुकानं बोलत होता. दारात उभी असलेली दोन माणसं अद्दीकडे आदरानं बघत होती. एक त्याच्या ओळखीच्या वस्तीवरचा होता.

"शेवटचीच आहेत," व्यवस्थापक उठत म्हणाला आणि ढिगातून दोन कलिंगडं निवडून, वाजवून बघून, पोत्यात घालून दिली. नाही म्हणायचं अद्दीला सुचलं नाही. गाढवाच्या दोन्ही अंगांना एकेक लटकवून तो घरी आला.

इत्तोनं पोतं उघडलं. "कुणी दिली?"

"मळ्यावरच्यांनी."

"थांबवतात का?"

"नाही."

तिनं एक कलिंगड फरशीवर ठेवलं, धुवायला तांब्या उचलला, परत ठेवला आणि पदराच्या टोकानं पुसलं. कापलं. लाल होतं, दाणेदार. दोघांनी भिंतीच्या सावलीत बसून खाल्लं. तहान लागली होती आणि फळ गोड होतं, त्यामुळे खाणं थांबवता आलं नाही.

"ती जागा मी दाखवली होती," अद्दी म्हणाला. बिया त्यानं मुठीत धरल्या होत्या.

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"कुणी सांगायला कशाला हवं? वाट चुकलेला माणूस साखरेचे दोन शंकू बरोबर घेऊन फिरतो होय? आणि त्या रात्री तू जेवताना मला त्या दोन ओढ्यांची गोष्ट सांगितलीस. सोळा वर्षांचा असल्यासारखा बोलत होतास." तिनं साली मेंढ्यांसाठी बाजूला लावल्या. "खूश होतास. मला वाटलं, असू दे."

त्याला वाटलं, ही ओरडली असती तर बरं. तिनं तळहात पुढे केला, त्याच्या मुठीतल्या बिया घेतल्या आणि साली उचलून गोठ्याकडे गेली.

लहबीब ऑगस्टात आला. मोटर हातभर खाली सोडता येईल का बघायला सांगितलं होतं. त्यानं दोरी सोडली, काढली, पुन्हा सोडली. "खाली जागा आहे वीतभर. त्याखाली गाळ. वीतभरानं काय होणार, अम्मी?"

"आणि दुसरी एखादी मोटर? याहून लहान?"

"याहून लहान करत नाहीत." लहबीब दोरी गुंडाळत राहिला. "मोटरची चूक नाहीये. तुमच्या विहिरीला हीच बरोबर."

"खाली खणलं तर?"

"तुम्हीच सांगा. कातळ आहे ना? बोअरचं मशीन आणायला परवानगी लागते आणि ती आता या भागात देत नाहीत. मळ्याच्या आधी मागितली असती तर मिळाली असती." त्यानं मजुरी घेतली नाही. त्यानं ती घेतली असती तर अद्दीला जास्त बरं वाटलं असतं.

मोटर वीतभर खाली गेली. आता दिवसाकाठी ती तीनदा चालायची, दर वेळी तीनचार मिनिटं. वरच्या मळ्यात कलिंगडं संपून दुसरं पीक लागलं होतं, पंप चालूच होते. इत्तोनं आधी खजुराचं पाणी तोडलं, मग डाळिंबाचं. सप्टेंबरात मेंढ्या बस्सूकडे गेल्या. बस्सू त्या हाकताना मोटरबद्दल एक शब्द बोलला नाही. त्याच्याही बोअरला आता फेस येत होता.

ऑक्टोबरात झायदचा फोन आला. नादियाला तिसरं मूल होणार होतं, डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं होतं. "आई, तू ये. बाबा, तुम्हीही या. तिथे काय राहिलंय?"

रात्रीची भाकरी झाल्यावर इत्तो म्हणाली, "मी जाते. तू?"

अद्दी ताटलीतले भाकरीचे तुकडे गोळा करत राहिला.

"दिवसाला दीड घागर येतं ना?"

"येतं. कधी पावणेदोन."

"दोघांना पुरत नाही ते," ती म्हणाली. "एकाला पुरेल." तिनं हे भांडणाच्या सुरात म्हटलं नाही. किती दिवस ती बहुधा हेच मनात घोळवत होती. "बाळंतपण उरकलं की येईन. तोवर पाऊस पडला तर पडला."

तो तिला बसपर्यंत सोडायला गेला. तिचं बोचकं गाडीच्या टपावर चढवलं. बस सुटेपर्यंत ती खिडकीतून त्याला सांगत राहिली, पीठ कुठे आहे, तेलाचं झाकण घट्ट लाव, गुडघ्याला लावायचा मलम कोनाड्यात आहे. त्यानं मान हलवली.

घरी आला तेव्हा ऊन कलत होतं. तो विहिरीशी बसला आणि बटण दाबलं. आतून बारीक गुणगुण आली, गच्चीवर धार पडली. त्यानं ऐकत ऐकत मोजलं. मिनिटभरानं मोटर आपोआप बंद झाली. मग वरच्या मळ्याचा आवाज ऐकू आला.

इत्तोचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. पोचले, मुली गळ्यात पडल्या, इथे नळाला चोवीस तास पाणी आहे, एवढं सांगून तिनं विचारलं, "किती आलं?"

"दीड घागर."

"भाजी धुतलेलं पाणी पुदिन्याला घाल. ओतून देऊ नकोस."

"घालतो," अद्दी म्हणाला. त्यानं फोन खिशात ठेवला, भाजीचं पातेलं उचललं आणि पुदिन्याच्या वाफ्याकडे गेला.